काळ्यात मेली, गोट्यांत जगली: हातकणंगले तालुक्यातल्या एका डोंगराचं प्रकरण

हातकणंगले तालुक्यातल्या एका गावाने आपल्या गायरान डोंगरावर झाडं लावली. ग्रामपंचायत, तरुण मंडळ आणि चार देणगीदार, असा नेहमीचा मेळ. पायथ्याच्या सपाटीपासून माथ्यापर्यंत दीड-दीड फुटाचे खड्डे, सगळीकडे सारखं अंतर, आणि एकाच यादीतली रोपं मिसळून लावलेली: कडुनिंब, करंज, चिंच, जांभूळ, आवळा, शिवण, बेहडा, आपटा, थोडा साग आणि भरपूर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया). ही यादी कुणी विचार करून केली नव्हती. त्या जूनमध्ये रोपवाटिकेत जे शिल्लक होतं ते टेम्पोत भरून आणलं. बहुतेक गावांत यादी अशीच ठरते.

तिसरा उन्हाळा सरल्यावर मंडळातल्या एका पोराने ड्रोनने डोंगराचे फोटो काढले, जगलेल्या झाडांवर हिरवे ठिपके मारले आणि ते चित्र गावच्या ग्रुपवर टाकलं. वाद तिथून सुरू झाला. पायथ्याची काळी जमीन, जिच्यावर सगळ्यांचा भरवसा होता आणि जिथपर्यंत टँकर थेट जात होता, ती जवळजवळ रिकामी. माथ्यावर इथं एक, तिथं एक. आणि मधल्या उतारावर, जिथं पहार दगडावर आपटून मजुरांचे हात भरून यायचे, तिथं डोंगराला आडवी जाणारी हिरवी पट्टी. इतकी सरळ, की दोरी धरून लावल्यासारखी.

वाद पेटायला आणखी एक कारण होतं. सपाटीवरची लागवड गावातल्या एका गल्लीने केली होती, उतारावरची दुसऱ्या गल्लीने. त्यामुळे ठिपक्यांच्या नकाशाचा अर्थ लगेच लावला गेला: ह्यांनी काम केलं, त्यांनी फोटो काढले. मला बोलावणं आलं ते झाडांसाठी कमी आणि हा तंटा सोडवण्यासाठी जास्त. गावाचं नाव इथं देत नाही. निवडणूक जवळ आहे आणि प्रकरण अजून पुरतं शमलेलं नाही.

गावाकडची चार कारणं

पहिल्या बैठकीत चार कारणं पुढं आली. शेळ्या. वणवा. रोपवाटिकेतून आलेली मुळं गुंडाळलेली जुनी रोपं. आणि चौथं, जे कुणी माईकवर बोललं नाही पण चहाच्या वेळी सगळ्यांनी सांगितलं, ते म्हणजे कामचुकारपणा.

सपाटीवाल्या गल्लीतले एक वयस्क शेतकरी, सगळे त्यांना आण्णा म्हणत, फार चिडलेले होते. "सर, काळ्या रानात झाड येत न्हाई आसं कोन म्हनंल? आमचा ऊस बगा की त्याच जमिनीत. पानी आमी घातलंय, टँकरचं बिल बगा." बिलं खरी होती. टँकरचं पाणी सगळ्यात जास्त तिथंच पडलं होतं.

आण्णांचा युक्तिवाद ऊस पिकवणाऱ्या माणसाचा होता, आणि ऊसापुरता तो बरोबरच आहे. पंचगंगा-वारणेच्या काठावर जमिनीची किंमत तिच्या काळेपणावर आणि खोलीवर ठरते. पण त्या किमतीत कालव्याचं, नदीचं, विहिरीचं पाणी धरलेलं असतं. पाणी वजा केलं की काळी जमीन वेगळंच वागते. या प्रकरणाचा गाभा तोच आहे.

हा डोंगर कुठं बसतो

कोल्हापूर जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे येताना पाऊस इतक्या झपाट्याने कमी होतो, की बाहेरच्या माणसाला विश्वास बसत नाही. गगनबावड्याला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या पुढं, कोल्हापूर शहरात १,००० च्या आसपास, आणि शिरोळ-हातकणंगल्याच्या बाजूला ५०० ते ७०० च्या घरात. सरळ रेषेत हे अंतर १०० किलोमीटरही भरत नाही. गगनबावडा-राधानगरीकडं सदाहरित आणि निमसदाहरित रानं, पन्हाळा-जोतिबाच्या पट्ट्यात आर्द्र पानगळीच्या खुणा, आणि पूर्वेला, आळत्याजवळचा अल्लमप्रभूचा डोंगर, रामलिंग, कुंभोजचा बाहुबली या रांगेत शुष्क पानगळीचं आणि काटेरी झुडपांचं रान. भारतीय वनांचं चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ मध्ये जे वर्गीकरण मांडलं, त्यात हे दक्षिणी उष्णकटिबंधीय शुष्क पानगळीच्या गटाच्या कोरड्या टोकाला पडतं.

पावसाच्या आकड्याने जिल्ह्याचा नकाशा रंगवता येतो. डोंगराचा येत नाही. या गावच्या डोंगरावर पायथ्याला आणि माथ्याला पडणाऱ्या पावसात असा कितीसा फरक असणार? पाऊस तोच. पडल्यावर तो कुठं जातो, किती खोल जातो आणि मार्च-एप्रिलमध्ये मुळाला सापडतो की नाही, यावर सगळं ठरतं. शुष्क पानगळीच्या रानात झाडाचा कस जुलैत लागत नाही. जुलैत सगळीच हिरवी असतात.

आता डोंगराची घडण. आपला बहुतेक जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर उभा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट, उभ्या भेगांचा. वरचा भाग बुडबुड्यांच्या पोकळ्यांचा, लवकर कुजणारा, ज्याला विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी लाल, चिकण मातीचा पातळ पट्टा सापडतो. घट्ट थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून उतार होतो. म्हणून आपले डोंगर लांबून पायऱ्यांचे दिसतात. या डोंगराला अशी एक ठसठशीत पायरी आहे, आणि ड्रोनच्या फोटोतली हिरवी पट्टी बरोबर तिच्या खाली होती.

खड्डे उकरून पाहिलं तेव्हा

मंडळाची पोरं, आण्णा आणि डोंगरावर शेळ्या चारणारे एक धनगर मामा, असे आम्ही खालून वर गेलो. मेलेल्या रोपांचे खड्डे तयारच होते, फक्त ते खोल करून पाहायचे होते.

सपाटीवरच्या काळ्या जमिनीत मे महिन्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा होत्या. या मातीत ३० टक्क्यांहून जास्त चिकण असते आणि ती चिकण पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. आकसताना ती कोवळी मुळं ताणून तोडते. एका मेलेल्या करंजाचं मूळ भेगेच्या दोन्ही कडांना अर्धं-अर्धं लोंबत होतं. पोरांनी त्याचे फोटो काढले, आण्णांनी काही न बोलता ते मूळ हातात घेऊन पाहिलं.

पण भेगा हा निम्माच भाग. चिकणमाती पाणी धरून ठेवते हे शाळेत सगळे शिकतात. ती ते सोडत नाही, हे कमी जण लक्षात घेतात. जड चिकणमातीत आकारमानाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी उरलेलं असतानाही रोप कोमेजून जातं, कारण ते पाणी कणांना इतकं घट्ट चिकटलेलं असतं की मुळाला ओढता येत नाही. मुरमाड-रेताड मातीत तेच मूळ पाणी दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून खाली येईपर्यंत खेचत राहतं. दुसरं म्हणजे, काळ्या जमिनीवर पडलेला हलका वळीव वरच्या दोन-चार इंचांत अडकतो आणि दोन दिवसांच्या उन्हात उडून जातो. टँकरच्या पाण्याचंही तेच झालं. बिलं खरी, पाणी खरं, पण खोल गेलंच नाही. आळ्यातला वरचा थर ओला, त्याखाली कोरडा, आणि मुळं त्या ओल्याच्या मागं वर-वरच पसरलेली.

मग ऑगस्टमध्ये याच जमिनीचं उलटं होतं. पाणी मुरत नाही, वाफसा येत नाही, खड्ड्यात तळं साचतं. कडुनिंब आणि साग यांना मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाही; ती पहिल्याच पावसाळ्यात गेली असावीत. म्हणजे एका वर्षात बुडणं आणि तहानेनं मरणं, दोन्ही. त्यातून ओढ्याच्या अंगाला जमीन चोपण, म्हणजे खारावून घट्ट, होत चाललेली. मातीवर सौम्य ॲसिडचे थेंब टाकल्यावर फसफस झाली, म्हणजे चुनखडी भरपूर. अशा जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही आणि पानं शिरा सोडून पिवळी पडतात. उरलेल्या दोन-तीन जांभळांची पानं तशीच होती.

त्या सपाटीवर कुणीही न लावता जी झाडं उभी होती ती पाहा: बांधाला बाभूळ, ओढ्याच्या कडेला हिवर, आणि मधोमध पळस. बाभूळ जड काळ्या जमिनीत पाणी साचलेलं सोसते, कोरडंही सोसते. पळस मुळांतून फुटवे काढतो, गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, आणि पाण्याचा निचरा न होणाऱ्या जमिनीत तो उभा राहतो. लागवडीच्या यादीत या तिघांपैकी एकही नव्हतं. काट्याची झाडं कशाला लावायची, असा विचार असावा. पळसाला काटे नसतात, पण त्याला रोपवाटिकेत कुणी विचारत नाही.

सपाटी सोडून चढ लागतो तिथं जमीन तांबूस-करडी होते. एक-दीड फूट मुरमाड माती, खाली कुजका मांजऱ्या. पहार मांजऱ्यात जाते, फक्त वेळ घेते. इथं जगण्याचं प्रमाण मध्यम होतं आणि मेलेल्यांत काही खास तऱ्हा दिसली नाही. शेळ्यांच्या तोडीच्या खुणा मात्र इथंच सगळ्यात जास्त होत्या.

मग ती पट्टी.

कड्याच्या पायथ्याला शेकडो वर्षांत कोसळलेल्या गोट्यांचा ढीग उतारावर पसरला आहे. डोक्याएवढे, कळशीएवढे, काही बैलगाडीएवढे. त्यांच्यामधल्या फटींत काळसर, भुसभुशीत, पालापाचोळा मिसळलेली माती. वरून पाहणारा म्हणेल, इथं मातीच नाही. पण गोटा पाऊस पीत नाही. त्याच्यावर पडलेलं सगळं पाणी घरंगळून शेजारच्या फटीत जातं, म्हणजे फटीतल्या हातभर मातीला आपल्या वाट्याच्या कितीतरी पट पाऊस मिळतो. तो पाऊस खोल जातो, कारण वाटेत अडवायला चिकणीचा थर नाही. आणि एकदा खाली गेला की वरचे गोटे त्याच्यावर झाकण होऊन बसतात. गवताची मुळं तिथवर पोचत नाहीत, झाडाची पोचतात. कोरड्या प्रदेशात खडकाळ जमीन झाडांना आणि जड चिकण गवत-काट्यांना धार्जिणी का असते, याचं हे कारण. ओल्या प्रदेशात हेच गणित उलटं होतं: तिथं पाणी धरणारी चिकण बरी आणि निचऱ्याची जमीन हलकी ठरते. म्हणून पश्चिमेकडचा अनुभव घेऊन पूर्वेला सल्ला देणाऱ्यांची गफलत होते.

कड्याखाली आणखी एक गोष्ट होती. माथ्यावर मुरलेलं पाणी घट्ट पाषाणाच्या उभ्या भेगांतून खाली येतं, दोन थरांच्या सांध्यावर अडतं आणि आडवं सरकत उताराच्या तोंडाशी येतं. रामलिंगला खडकातून झिरपणारं पाणी ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही. या डोंगरावर झरा असा नाही. पण त्या सांध्याला तांबड्या मातीचा पट्टा उघडा पडलेला आहे, आणि मे महिन्यातही तिथली माती मुठीत दाबली की थोडी चिकटत होती. मामांना ती जागा पाठ होती. "उनाळ्यात शेरडं हितंच बसत्यात. गारवा असतोय," ते म्हणाले. त्यांच्या शेळ्या झाडं खातात असा आरोप होता. शेळ्या जिथं दुपारी बसायच्या तिथंच झाडं जगली होती.

पट्टीतल्या जगलेल्यांत आवळा, आपटा, बेहडा, कडुनिंब आणि शिवण होती. शिवणीला एरवी ओलसर, निचऱ्याची जमीन लागते. इतक्या कमी पावसात ती टिकली तर अशाच जागी टिकणार. गिरिपुष्प इथंही मेलं नाही, ते कुठंच फारसं मरत नाही, आणि मला त्याचं कौतुकही नाही.

माथ्याचं थोडक्यात. कातळावर वीतभर माती, कुसळी गवत, अधूनमधून हेकळ आणि निवडुंग. दीड फुटाचा खड्डा इथं काढलाच गेला नव्हता; कातळ लागला तिथं थांबून वर माती चढवली होती. असा खड्डा म्हणजे दगडी कुंडी. पावसाळ्यात भरतो, ऑक्टोबरात तापतो. जी तुरळक झाडं जगली होती, त्या प्रत्येकाच्या बुंध्याशी कातळात उभी भेग होती. मामा म्हणाले, "फट घावली त्येचं झाड झालं."

पाऊण उत्तर

शुष्क पानगळीच्या रानातल्या झाडांच्या वितरणाबद्दल बोलताना एक अडचण नेहमी येते. एखाद्या जुन्या डोंगरावर कड्याखाली झाडं आणि सपाटीवर माळ दिसला, तर त्याचं कारण माती की कुऱ्हाड? आपल्या भागात सपाटी नांगराखाली गेली, सोप्या उतारावरचं सरपण तोडलं गेलं, आणि जिथं पाय ठेवायला जागा नाही तिथं रान उरलं. शिवाय बी कुठं पडलं, पक्ष्यांनी कुठं टाकलं, हाही प्रश्न. उरलेल्या रानाकडं बोट दाखवून "या झाडाला ही जमीन आवडते" असं म्हणणं म्हणूनच धोक्याचं.

या गावाने नकळत ती अडचण दूर केली. एकाच वेळी, एकाच यादीतली, एकाच वयाची रोपं डोंगराच्या प्रत्येक भागात लावली. बी पोचलं नाही हे कारण बाद. कुऱ्हाड बाद, कारण तोडण्याजोगं काही नव्हतंच. रोपवाटिकेची रोपं सगळीकडे मिसळून गेली होती, म्हणजे वाईट रोपं फक्त सपाटीलाच गेली असं म्हणता येत नाही. अविचाराने केलेल्या लागवडीतून इतका स्वच्छ प्रयोग हाती लागला, याची मला गंमत वाटते.

तरी वणवा आणि शेळ्या शिल्लक राहतात. गोट्यांत गवत विरळ, म्हणून आग तिथं पोचत नाही. माथ्यावरची कुसळी फेब्रुवारी-मार्चमध्ये पेटते, आणि पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं या समजुतीने ती पेटवलीही जाते. वणव्याने झाडांच्या वितरणावर काय परिणाम होतो हे पाहायचं तर तमिळनाडूतल्या मुदुमलाईकडं जावं. तिथल्या शुष्क पानगळीच्या वनात भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ मध्ये ५० हेक्टरचा भूखंड आखला, आणि एक सेंटीमीटरपेक्षा जाड प्रत्येक खोडाची नोंद तिथं वर्षानुवर्षं ठेवली जाते. बारीक खोडं आगीत जातात, जाड टिकतात. आमच्या डोंगरावरची रोपं बारीकच होती. त्यामुळे माथ्याच्या बाबतीत मी मातीला सगळं श्रेय देत नाही. पातळ माती आणि आग यांची तिथं भागीदारी आहे. पातळ मातीत झाड हळू वाढतं, म्हणून ते आगीच्या उंचीतच जास्त वर्षं राहतं.

सपाटीला मात्र वणवा लागला नव्हता. शेजारी ऊस असल्याने सगळे जपतात. शेळ्यांनाही तिथं कुंपण होतं. म्हणून सपाटीचा निकाल बराचसा जमिनीचाच.

आणि जमीनसुद्धा सगळं सांगत नाही. पनामा, कोलंबिया आणि इक्वेडोर इथल्या रानांत आखलेल्या अशाच तीन मोठ्या भूखंडांवर झालेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३६ ते ५१ टक्के झाडांच्या प्रजातींचं वितरण मातीतल्या पोषकद्रव्यांशी घट्ट जोडलेलं आढळलं. ती रानं आपल्यापेक्षा फार ओली, त्यामुळे आकडा इथं जसाच्या तसा लागू करू नये. पण बाकीच्या सुमारे निम्म्या किंवा अधिक प्रजातींबद्दल तिथंही असा घट्ट संबंध दिसला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. आवळा या डोंगरावर मुरमातही होता आणि गोट्यांतही. त्याला फारसा फरक पडलेला दिसला नाही.

उताराच्या तोंडाची दिशा हा एक मुद्दा पोरांनीच काढला. डोंगराची सोंड पूर्व-पश्चिम आहे, म्हणजे एक अंग दक्षिणेकडं, एक उत्तरेकडं. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि मग ऑगस्टपर्यंत उत्तरेकडून जातो, त्यामुळे ऐन मेमध्ये दोन्ही अंगं जवळपास सारखीच भाजतात. फरक पडतो तो ऑक्टोबर ते मार्च, जेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो. त्या काळात दक्षिण अंगाची ओल आधी संपते. उत्तर अंगाची पट्टी रुंद होती, दक्षिण अंगाची अरुंद आणि मध्येच तुटलेली. हिमालयात दिसतो तसा टोकाचा फरक इथं अपेक्षित नव्हता आणि दिसलाही नाही.

पानगळीची तारीख

खड्डे प्रत्येक ठिकाणी काढता येत नाहीत. म्हणून मी मंडळाला एक सोपी पद्धत सांगितली, जी या रानात चांगली चालते: एकाच जातीच्या झाडांची पानं कधी गळतात ते लिहून ठेवायचं. मोईचं (शेमटीचं) झाड या डोंगरावर खालपासून वरपर्यंत आहे. माथ्यावरची मोई आधी उघडी पडते, गोट्यांतली कितीतरी आठवडे पानं धरून असते. झाड पानं टाकतं ते खालचं पाणी परवडेनासं झालं म्हणून. त्यामुळे कुठली मोई कधी उघडी झाली याचा नकाशा म्हणजे जमिनीतल्या ओलीचाच नकाशा. दोन वेगवेगळ्या जातींची तुलना मात्र करायची नाही, कारण प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. पालवीचंही तसंच. शुष्क रानातली बरीच झाडं पावसाची वाट न बघता एप्रिलच्या उन्हातच पालवतात, पण ती चैन खोल पाणी हाती असलेल्यांनाच. बाकीची वळवाची वाट बघतात.

गवतही सांगतं. पातळ, झिजलेल्या मुरमावर कुसळी. जड जमिनीवर मारवेल. हे मामांना माहीत होतं, फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं. गावातल्या बैठकीत ते मागं उभे होते, डोंगरावर ते पुढं चालत होते.

मंडळाने त्या हिवाळ्यात मोईच्या नोंदी ठेवल्या. त्यातून आम्हाला ठाऊक नसलेली एक जागा सापडली: माथ्याच्या पूर्व टोकाला एका खोलगट भागातल्या मोया इतरांच्या बऱ्याच नंतर उघड्या झाल्या. तिथं पहार मारली तर वीतभर नव्हे, कमरेएवढी माती निघाली. कातळातला जुना खळगा गाळाने भरलेला.

पुढं काय ठरलं

दुसऱ्या बैठकीत कामचुकारपणाचा विषय निघालाच. आण्णांनी तुटलेलं मूळ पिशवीतून आणलं होतं, ते टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "ह्ये आमी तोडलंय का?" त्यावर उतारावाल्या गल्लीतलं कुणी बोललं नाही. मी इतकंच सांगितलं, की दोन्ही गल्ल्यांनी सारखंच काम केलं असतं तरी नकाशा जवळपास असाच आला असता. सारखं काम झालं होतं की नाही, हे मातीवरून कळत नाही.

नवी यादी जागेप्रमाणे झाली. गोट्यांच्या पट्टीत दाट लागवड: बेहडा, शिवण, धावडा, आणि कड्याच्या भेगांत पायर आणि वड. मुरमाड उतारावर आपटा, आवळा, कडुनिंब, मेडशिंगी, चंदन जमलं तर, आणि त्यांना शेळ्यांपासून काट्याचं कुंपण. सलग समतल चर, म्हणजे पाणी अडवायला उताराला आडवे खणलेले चर, फक्त इथंच काढायचे. गोट्यांत चर काढायला मशीन आणलं तर जे झाकण पाणी वाचवतं तेच उलटून पडेल. ठेकेदाराचा दर मीटरवर असतो, त्यामुळे हे दोन-तीनदा बजावून सांगावं लागलं. माथ्यावर नव्या खळग्यापुरतीच झाडं, बाकी कातळ आणि गवत आहे तसं. उघडा कातळमाथा म्हणजे वाया गेलेली जमीन, ही कल्पना मला मान्य नाही. पावसाळ्यात तिथं उगवणारी कंदवर्गीय आणि इवली रोपं झाडाच्या सावलीत टिकत नाहीत.

सपाटीवर खरी ओढाताण झाली. माझा सल्ला होता की ओढ्याकाठी करंज आणि बाभूळ, चोपण भागात पळस, आणि उरलेली जमीन मारवेल राखून गवतासाठी ठेवावी. करंज यादीत पुन्हा आला तो जागा बदलून. ओढ्याच्या ओलीत तो खारवट जमीनही सोसतो, उघड्या भेगाळ सपाटीवर रोप म्हणून तो टिकला नव्हता. झाडं लावायचीच तर सोटमूळ सरळ खाली जावं म्हणून बी थेट पेरावं, पिशवीतलं रोप नको. पण देणगीदारांना फलक लावायला रस्त्यालगतची जागा हवी होती, आणि रस्त्यालगत सपाटीच आहे. गवताच्या फलकाखाली कोण फोटो काढणार?

शेवटी तोड निघाली ती पंचायतीच्या हिशेबातून. मारवेल राखला तर त्याचा दरसाल लिलाव होऊ शकतो आणि पैसा गावाकडं येतो, हे सरपंचांच्या ध्यानात आलं. रस्त्याकडेची एक ओळ देणगीदारांना दिली, तीत बाभूळ नको म्हणून त्यांनी हट्ट धरला, तेव्हा पळसावर समझोता झाला. पळसाचं बी मामांनीच गोळा करून आणलं. गिरिपुष्पाचा टेम्पो मात्र यंदाही आला होता. मंडळाने तो परत पाठवला नाही, शाळेच्या कुंपणाला लावून टाकला.